मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठी यंत्रसामग्री कशी निवडावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शंभर-दीडशे अंकी संख्येचे मूळ अवयव पाडायचे मी ठरवले, तेव्हा पहिले काही आठवडे केवळ यंत्राच्या शोधात गेले. कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे, एफपीजीए (जोडणी बदलता येणाऱ्या चिपचा) बोर्ड शिकावा का, जुने सर्व्हर जमवावेत का, अशा प्रश्नांची उत्तरे मी शोधत होतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळत होते. उत्तरे चुकीची नव्हती. माझा प्रश्नच अपुरा होता. अवयव पाडणे हे एकच एक काम नाही. त्याचे चार-पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा यंत्राकडून निराळी गोष्ट मागतो. त्यामुळे यंत्राची निवड टप्प्यानुसार करावी लागते. एवढे आधी कळले असते, तर माझा बराच वेळ आणि खर्च वाचला असता. तुमचा वाचावा म्हणून हा क्रम लिहून काढत आहे.

१. यंत्राकडे वळण्यापूर्वी कामाचे टप्पे समजून घ्या

२७०१ ही संख्या घ्या. ५२चा वर्ग २७०४ आहे आणि त्यातून २७०१ वजा केल्यास ३ उरतात. ५३चा वर्ग २८०९ आहे आणि त्यातून २७०१ वजा केल्यास १०८ उरतात. ३ किंवा १०८ यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही, पण त्यांचा गुणाकार ३२४ आहे आणि तो १८चा वर्ग आहे. आता ५२ आणि ५३ यांचा गुणाकार २७५६ होतो. त्याला २७०१ने भागल्यास बाकी ५५ येते. ५५मधून १८ वजा केल्यास ३७ आणि ५५मध्ये १८ मिळवल्यास ७३. ३७ गुणिले ७३ म्हणजेच २७०१. शाळेतल्या वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्रावरच ही सगळी युक्ती उभी आहे. येथे वजाबाकी आणि बेरीज थेट अवयव देऊन गेल्या. एरवी त्यांचा दिलेल्या संख्येशी मसावि काढावा लागतो.

वर्ग चाळणी आणि नंबर फील्ड सीव्ह या आजच्या दोन्ही मुख्य पद्धती हेच प्रचंड प्रमाणावर करतात. ३ आणि १०८ यांच्यासारख्या, केवळ लहान मूळ अवयव असलेल्या संख्या हुडकणे हा चाळणीचा टप्पा होय. अशा संख्यांना या क्षेत्रात गुळगुळीत संख्या म्हणतात आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या प्रत्येक नोंदीला रिलेशन म्हणतात. कोणत्या नोंदींचा गुणाकार केला असता पूर्ण वर्ग मिळेल हे ठरवणे हा मॅट्रिक्सचा टप्पा होय. नंबर फील्ड सीव्हमध्ये चाळणीच्या आधी योग्य बहुपदी निवडावी लागते, चाळणीनंतर निरुपयोगी नोंदी गाळाव्या लागतात आणि शेवटी वर्गमूळ काढावे लागते. वेळ आणि साधने खाणारे टप्पे मात्र दोनच आहेत, चाळणी आणि मॅट्रिक्स, आणि त्या दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत.

२. आपल्या संख्येची जात ओळखा

प्रथम संख्या खरोखरच संयुक्त आहे की नाही, हे मूळपणाच्या चाचणीने तपासा. हजार अंकी संख्येसाठीसुद्धा ही चाचणी साध्या संगणकावर अल्पावधीत होते. त्यानंतर लहान अवयव काढून टाका. संख्येत पंचवीस-तीस किंवा चाळीस अंकी एखादा अवयव लपलेला असण्याची शक्यता असेल, तर इलिप्टिक कर्व्ह पद्धत आधी वापरा, कारण तिला लागणारा वेळ प्रामुख्याने सापडणाऱ्या अवयवाच्या लांबीवर अवलंबून असतो आणि दिलेल्या संख्येच्या लांबीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. २०१३ मध्ये या पद्धतीने ८३ अंकी अवयव सापडला होता. आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीच्या किल्लीसारख्या, दोन जवळपास सारख्या लांबीच्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर मात्र या पद्धतीत वेळ घालवू नका.

उरलेली संख्या साधारण ९५ ते १०० अंकांपेक्षा लहान असेल, तर वर्ग चाळणी सोयीची ठरते. त्यापुढे नंबर फील्ड सीव्ह सरस ठरते. दोनाच्या किंवा अन्य लहान संख्येच्या घातात एक मिळवून वा वजा करून बनलेल्या संख्यांसाठी तिचाच एक विशेष प्रकार आहे आणि तो कितीतरी जलद चालतो. म्हणून दोन संख्यांची केवळ अंकसंख्या पाहून तुलना करू नका. अनेक नवोदित येथेच फसतात.

३. हातात असलेल्या संगणकावर एक संख्या शेवटपर्यंत न्या

नवे काहीही घेण्यापूर्वी हा टप्पा पार पाडावा, असा माझा आग्रह आहे. सरावासाठी आरएसए-१०० ही शंभर अंकी संख्या उत्तम आहे. अवयव पाडण्यासाठी १९९१ मध्ये जाहीर झालेल्या आरएसए आव्हानमालिकेतील ही सर्वांत लहान संख्या होती आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिचे अवयव पाडले गेले. तेव्हा त्यासाठी मासपार हा समांतर संगणक वापरला होता आणि काही दिवस लागले होते. आजचा घरगुती संगणक तेच काम काही तासांत, आणि चांगल्या मांडणीत त्याहूनही लवकर करतो. उत्तर सर्वज्ञात असल्याने तुमचे यंत्र बरोबर चालते की नाही, याचीही परीक्षा होते.

त्यासाठी लागणारी साधने अशी:

– लिनक्स चालणारा, किमान चार कोअरचा आणि सोळा गिगाबाइट मेमरीचा संगणक.
– इलिप्टिक कर्व्ह पद्धतीसाठी जीएमपी-ईसीएम.
– वर्ग चाळणीसाठी याफू.
– नंबर फील्ड सीव्हचे सर्व टप्पे एकत्र पार पाडणारा काडो-एनएफएस हा संच.
– पडताळणीसाठी पारी-जीपी किंवा मोठ्या संख्यांची आकडेमोड करणारी कोणतीही आज्ञावली.
– एक वही, किंवा एक साधी फाइल.

ही सर्व सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत. ती तयार स्वरूपात उतरवून घेण्याऐवजी आपल्याच प्रोसेसरवर संकलित (कंपाइल) करा, कारण प्रोसेसरच्या विशेष आज्ञांचा लाभ त्याशिवाय पूर्णपणे मिळत नाही. काम चालू असताना प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, मेमरी कमाल किती वापरली गेली आणि डिस्कवर किती जागा गेली, याची नोंद वहीत करा. पुढचे सर्व निर्णय याच नोंदीवर उभे राहणार आहेत.

४. चाळणीसाठी कोअर आणि कॅश पाहा

चाळणीचे काम तुकड्यांत विभागता येते आणि एका तुकड्याला दुसऱ्याची खबर असण्याची गरज नसते. दहा संगणक असतील तर दहा ठिकाणी स्वतंत्रपणे चाळणी चालवता येते; त्यातला एक बंद पडला तरी तेवढाच तुकडा पुन्हा करावा लागतो. काडो-एनएफएसमध्ये एक सर्व्हर कामाचे तुकडे वाटतो आणि जोडलेले संगणक ते पूर्ण करून परत पाठवतात. संगणकांमधले जाळे मंद असले तरी चालते. एखाद्या संगणकाने चुकीची नोंद पाठवली, तर ती स्वतंत्रपणे तपासून वगळता येते. म्हणून चाळणीसाठी जुने, विजोड, वेगवेगळ्या वेगाचे संगणकही खुशाल वापरा.

मात्र प्रत्येक कोअर नेमके काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. चाळणीत मेमरीत एक लांब पट्टी मांडलेली असते आणि पट्टीवरचे प्रत्येक घर एका संख्येसाठी असते. प्रत्येक मूळ संख्येसाठी तेवढ्या-तेवढ्या घरांच्या उड्या मारत जायचे आणि त्या घरात त्या मूळ संख्येचा लॉगरिदम मिळवायचा. शेवटी ज्या घरात बेरीज पुरेशी मोठी झाली, ती संख्या बहुधा गुळगुळीत असते. गुणाकार-भागाकाराचा येथे फारसा संबंध येत नाही. सगळा वेळ मेमरीत इकडून तिकडे उड्या मारण्यात जातो. पट्टी कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या पण जलद मेमरीत, मावली तर उड्या स्वस्त पडतात, मुख्य मेमरीत गेली तर महाग. म्हणून चाळणीसाठी प्रोसेसर निवडताना घड्याळाच्या वेगाइतकेच लक्ष कॅशच्या आकारमानाकडे आणि प्रत्येक कोअरच्या वाट्याला येणाऱ्या मेमरीकडे द्या.

चाळणीसाठी विशेष यंत्रांच्या कल्पना संगणकाच्याही आधीपासून पुढे आल्या, आणि त्या समजून घेतल्यावर चाळणीचे मर्म जसे उलगडते तसे अन्य कशाने उलगडत नाही, असा माझा अनुभव आहे. फ्रान्समध्ये १९१९ साली कारिसाँ यांनी एकात एक बसवलेल्या चौदा कड्यांचे, हाताने फिरवायचे यंत्र बनवले होते. ते सेकंदाला पस्तीस-चाळीस संख्या तपासत असे आणि ७०८१५८९७७ ही संख्या मूळ असल्याचे त्याने दहा मिनिटांत सिद्ध केले होते. पुढे अमेरिकेत डेरिक लेमर यांनी १९२०च्या दशकात सायकलच्या साखळ्यांची आणि १९३०च्या दशकात प्रकाशविद्युत पद्धतीची चाळणी उभारली.

१९९९ मध्ये अदी शमीर यांनी मांडलेल्या ट्विंकल यंत्राने पट्टीची कल्पनाच उलटी केली. त्यात प्रत्येक मूळ संख्येला एक दिवा मिळतो आणि घड्याळाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक संख्या. मूळ संख्या सात असेल तर तिचा दिवा दर सात ठोक्यांनी, तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात प्रखर, असा चमकतो. समोरचा प्रकाशसंवेदक एकूण उजेड मोजतो आणि ज्या ठोक्याला उजेड ठरावीक मर्यादेपलीकडे जातो, ती संख्या गुळगुळीत असण्याची शक्यता असते. जे काम मेमरीच्या जागेत पसरले होते ते काळात पसरले आणि जे काळात चालत होते ते जागेवर मांडले गेले. मेमरीतल्या उड्या नाहीशा झाल्या. २००३ मध्ये शमीर आणि एरान ट्रोमर यांनी ट्वर्ल हा पूर्णपणे सिलिकॉनवर आधारलेला आराखडा मांडला. त्यात एका ठोक्याला अनेक संख्या हाताळल्या जातात, आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या मूळ संख्यांची सोय वारंवार येणाऱ्या लहान मूळ संख्यांपेक्षा वेगळ्या प्रकारे केलेली असते. सुमारे एक कोटी डॉलर खर्चाच्या यंत्रावर १०२४ बिटांच्या संख्येची चाळणी वर्षाच्या आत होऊ शकेल, असा त्यांचा अंदाज होता. २००५चा शार्क हा आराखडाही याच वाटेवरचा. हे सारे आराखडे प्रसिद्ध झाले, अभ्यासले गेले, पण पूर्ण आकाराचे असे यंत्र कोणी उघडपणे उभे केलेले नाही. तेव्हा ‘ट्वर्ल कोठे मिळेल’ याचा शोध घेऊ नका. सार्वजनिक विक्रम साध्या प्रोसेसरांवरच झालेले आहेत: २३२ अंकी (म्हणजे ७६८ बिटांची) आरएसए-७६८ डिसेंबर २००९ मध्ये सुमारे दोन हजार कोअर-वर्षांत, २४० अंकी आरएसए-२४० डिसेंबर २०१९ मध्ये नव्या प्रोसेसरांवर सुमारे नऊशे कोअर-वर्षांत, आणि २५० अंकी आरएसए-२५० फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २७०० कोअर-वर्षांत. एक कोअर-वर्ष म्हणजे एका कोअरने वर्षभर अखंड केलेले काम.

५. मॅट्रिक्ससाठी स्वतंत्र विचार करा

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. मी चाळणी अनेक संगणकांवर वाटली, ती अपेक्षेपेक्षा लवकर उरकली आणि मॅट्रिक्स तयार झाल्यावर लक्षात आले की ते माझ्याकडच्या कोणत्याही एका संगणकाच्या मेमरीत मावत नाही. शेवटी आणखी काही दिवस चाळणी चालवून अधिक नोंदी जमवाव्या लागल्या. नोंदी जास्त असल्या की गाळणीला निवडीला वाव मिळतो आणि मॅट्रिक्स लहान होते. ही देवघेव मुद्दाम लक्षात ठेवा: किमान नोंदी जमल्या की चाळणी लगेच थांबवण्याचा मोह होतो, पण दोन दिवसांची जादा चाळणी मॅट्रिक्सचे त्याहून अधिक दिवस वाचवू शकते. चाळणी अनेक संगणकांवर चालते आणि मॅट्रिक्स एकाच संगणकावर अडून बसते, हे ध्यानात घेतले तर हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचाच असतो.

मॅट्रिक्स जवळजवळ रिकामे असते. प्रत्येक ओळीत लाखो किंवा कोट्यवधी घरांपैकी मोजक्याच घरांत एक असतो. ते एका सदिशाने पुन्हा पुन्हा गुणावे लागते आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या उत्तरावर अवलंबून असते. ब्लॉक लँचोस या मॅट्रिक्स सोडवण्याच्या पद्धतीत हे काम सुटे करून दूरच्या संगणकांना देता येत नाही. ब्लॉक वीडेमान पद्धतीत ते मोजक्या स्वतंत्र भागांत विभागता येते, पण प्रत्येक भाग तरीही मोठाच राहतो आणि त्यासाठी जलद जाळे लागते. १९९९ मध्ये ५१२ बिटांच्या आरएसए-१५५चे अवयव पाडले गेले, तेव्हा चाळणी शेकडो साध्या संगणकांवर झाली, परंतु सुमारे ६७ लाख ओळींचे मॅट्रिक्स ॲमस्टरडॅममधील क्रे महासंगणकावर सोडवले गेले. त्याला सुमारे २२४ प्रोसेसर-तास आणि दोन गिगाबाइट मेमरी लागली. आरएसए-७६८चे मॅट्रिक्स सुमारे १९.३ कोटी ओळींचे होते आणि ते साठवायलाच १०५ गिगाबाइट जागा लागत होती.

येथे वेग ठरतो तो मेमरीकडून प्रोसेसरकडे किती माहिती किती लवकर येते, यावर. कोअर वाढवत गेल्यास एका मर्यादेनंतर ते सगळे मेमरीची वाट पाहत उभे राहतात. माझ्या संगणकात मी सोळा गिगाबाइट मेमरीची एकच पट्टी (मॉड्यूल) बसवली होती. मेमरीची दुसरी वाहिनी (चॅनेल) रिकामी होती. तेवढीच मेमरी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत विभागून बसवल्यावर मॅट्रिक्सचा वेळ ठळकपणे कमी झाला. म्हणून मदरबोर्डला मेमरीच्या जितक्या वाहिन्या आहेत तितक्या सर्व भरा, आणि नवा संगणक घेणार असाल तर कोअरच्या संख्येआधी वाहिन्यांची संख्या विचारा.

दुसरी सावधगिरी चुका सुधारणाऱ्या, म्हणजे ईसीसी मेमरीची. चाळणीत एखादा बिट उलटला तर एक नोंद वाया जाते. मॅट्रिक्समध्ये एक बिट उलटला तर तिथपासूनचे सर्व गणित बिघडते. चांगली सॉफ्टवेअर हे ओळखून थांबतात, पण तोवर शेवटच्या जतन केलेल्या बिंदूनंतरचे काम गेलेले असते. ईसीसी शक्य नसेल, तर मेमरीची दीर्घ चाचणी आधी रात्रभर चालवा, प्रोसेसर किंवा मेमरी ठरलेल्या वेगापलीकडे पळवू नका आणि जतनाचे बिंदू कमी अंतरावर ठेवा.

६. ग्राफिक्स कार्ड, एफपीजीए आणि खाणकामाची यंत्रे

ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग इलिप्टिक कर्व्ह पद्धतीत होतो. तेथे शेकडो वक्र एकाच वेळी, एकमेकांशी संबंध न ठेवता चालवायचे असतात, मेमरी थोडी लागते आणि सारा वेळ गुणाकारांत जातो. कार्डाला नेमके हेच आवडते. जीएमपी-ईसीएममध्ये पहिल्या टप्प्यासाठी तशी सोय आहे. बहुपदी निवडतानाही कार्डाची मदत होते. चाळणीच्या मेमरीतल्या उड्यांना मात्र ते तितके मानवत नाही.

एफपीजीए म्हणजे आतील जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप. २००६ मध्ये जर्मनीत १२० एफपीजीएंचे कोपाकोबाना हे यंत्र मुख्यतः डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या किल्ल्या शोधण्यासाठी बनवले गेले आणि इलिप्टिक कर्व्ह पद्धतीसाठीही त्याचा विचार झाला. शिकण्यासाठी एफपीजीए अवश्य घ्या. त्यावर लहान चाळणी उभी करणे हा विलक्षण आनंदाचा अभ्यास आहे. पण अवयव लवकर मिळावेत एवढाच हेतू असेल, तर तोच पैसा मेमरीवर खर्च करा.

बिटकॉइनच्या खाणकामाची जुनी यंत्रे या कामी वापरण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्यांतील चिप केवळ एकच ठरावीक आकडेमोड (हॅश) करू शकते आणि तिला दुसरे कोणतेही काम शिकवता येत नाही. ती घेऊ नका.

७. क्वांटम संगणकाची वाट पाहावी का

पीटर शोर यांची १९९४ची पद्धत मोठ्या संख्यांचे अवयव जलद पाडू शकते, हे सिद्ध झालेले आहे, आणि २००१ मध्ये सात क्यूबिटांवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट) तिने १५चे अवयव पाडून दाखवले. २०१९च्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार २०४८ बिटांच्या आरएसए संख्येसाठी दोन कोटी सदोष क्यूबिट आणि आठ तास लागतील; २०२५च्या सुधारित अंदाजात ही गरज दहा लाखांच्या आत आणि कालावधी आठवड्याच्या आत आला आहे. एवढे क्यूबिट असलेले यंत्र अजून बनलेले नाही. क्वांटम यंत्राने प्रचंड संख्येचे अवयव पाडल्याचे वृत्त वाचनात आले, तर ती संख्या मुद्दाम सोपी निवडलेली होती का, हे आधी तपासा. बहुधा तसेच आढळते.

८. लांबचे काम सुरू करण्यापूर्वी

दीडशे अंकांच्या आसपासचे काम हाती घेत असाल, तर यंत्र दिवस-दिवस पूर्ण भारावर चालणार आहे. प्रोसेसरचे तापमान तासभर पाहा. ते चढत राहिले तर वेग आपोआप घटतो आणि तुमचे सर्व अंदाज चुकतात. वीज गेली तर काय होईल, हे मुद्दाम काम मध्येच बंद करून एकदा पाहून घ्या. जतन केलेल्या बिंदूपासून काम पुन्हा सुरू होते की नाही, याची खात्री पहिल्या अपघाताआधीच झालेली बरी.

डिस्कवर भरपूर जागा ठेवा आणि नोंदी मोजताना पुनरावृत्ती वगळूनच मोजा. आरएसए-७६८साठी सुमारे ६४०० कोटी नोंदी जमल्या होत्या. पुनरावृत्ती वगळल्यावर त्यांतल्या सुमारे ४८०० कोटीच उरल्या. कच्चा आकडा पाहून चाळणी थांबवणारा नवोदित गाळणीच्या टप्प्यावर हमखास अडकतो.

संख्या निवडताना आव्हानमालिकेतील, कनिंगहॅम प्रकल्पासारख्या सार्वजनिक तक्त्यांतील किंवा स्वतः तयार केलेलीच घ्या. दुसऱ्याच्या वापरात असलेल्या किल्लीला परवानगीशिवाय हात लावू नका; तसे करणे गुन्हा ठरू शकतो.

अवयव हाती आले की त्यांचा गुणाकार करून दिलेल्या संख्येशी अंकन् अंक ताडून पाहा आणि प्रत्येक अवयवावर मूळपणाची चाचणी चालवा, कारण सापडलेला अवयव कधीकधी स्वतःच संयुक्त असतो. मग वही उघडून टप्प्यांचे वेळ लिहून ठेवा. नंबर फील्ड सीव्हमध्ये साधारण पाच-साडेपाच अंक वाढले की चाळणीचे काम दुप्पट होते. शंभर अंकांना तुमच्या यंत्रावर किती तास लागले हे वहीत असेल, तर एकशेवीस अंकांना त्याच्या सुमारे बारा ते सोळा पट तास धरा, आणि तेवढे तास परवडतात की नाही हे पाहूनच पुढच्या यंत्राची चौकशी सुरू करा.